दहा हजार तालांत म्हणजे किती?

जव्हारजवळचा शिरपामाळ. सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज या माळावर थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांच्या भेटीला आले, त्यांनी महाराजांच्या टोपात मानाचा शिरपेच खोवला आणि माळाला नाव पडलं शिरपामाळ, असं जव्हारकर अभिमानानं सांगतात. इथून सुरत साधारण मुंबई-पुण्याइतकी लांब. १६६४च्या जानेवारीत महाराज तिथे पोचले. मोगलांचं सगळ्यात श्रीमंत बंदर! हाती काय लागलं? इतिहासकारांचे अंदाज एक कोट रुपयांच्या घरात जातात.

आता हा कोट कसला, ते बघू. त्या काळी साध्या शिपायाला महिन्याला चारेक रुपये मिळत. म्हणजे एक कोट रुपये हा झाला पंचवीस लाख महिन्यांचा पगार. पंचवीस लाख महिने म्हणजे दोन लाख आठ हजार वर्षं! एका शिपायानं एक पैसाही न खाता सगळा पगार गाठीला बांधला, तर तेवढ्या वर्षांनी त्याच्याजवळ सुरतेची लूट जमणार.

हा आकडा घट्ट धरून ठेवा आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय उघडा. पेत्र विचारतो, माझ्या भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तरादाखल प्रभू येशू एक दाखला सांगतात. एका राजाचा एक चाकर होता, त्याच्याकडे राजाचं दहा हजार तालांतांचं येणं होतं. आपण हे वाक्य किती वेळा ऐकलं! ऐकलं आणि पुढे गेलो. दहा हजार तालांत, असेल काहीतरी मोठं. थांबा ना, पेन्सिल घ्या!

एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दहा हजार गुणिले सहा हजार, सहा कोटी दिवसांची मजुरी! वर्षाला तीनशे दिवस काम मिळालं असं धरा. सहा कोटी भागिले तीनशे, दोन लाख वर्षं!

दोन लाख! सुरतेच्या लुटीचा हिशेब दोन लाख आठ हजारांवर थांबला होता, हा दोन लाखांवर थांबला. म्हणजे एकट्या त्या चाकराच्या डोक्यावर अख्ख्या सुरतेएवढं कर्ज! योसेफस या ज्यू इतिहासकारानं दिलेल्या आकड्यांवरून हेरोदाच्या सगळ्या राज्याचा वर्षाचा वसूल हजार तालांतांच्याही आत येतो. म्हणजे दहा वर्षांचा साऱ्या राज्याचा सारा भरला, तरी याचं कर्ज शिल्लकच. आणि चाकर राजाच्या पायाशी पडून म्हणतो, जरा दम धरा, सगळं फेडतो. किती वर्षं दम धरायचा? माणूस ही जात पृथ्वीवर येऊनच मुळी तीनेक लाख वर्षं झाली आहेत!

आणि राजा ते सोडून देतो. एका वाक्यात!

आता खरी गंमत. तोच चाकर बाहेर पडतो, त्याला सोबतीचा चाकर भेटतो. त्याच्याकडून याला किती यायचे आहेत? शंभर दिनार. शंभर दिवसांची मजुरी. जव्हार-मोखाड्यात हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २००५च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यानं घरटी हमी दिली ती वर्षाला शंभर दिवसांच्या कामाचीच! दिवसाला तीनशे रुपये धरले, तर शंभर दिनार म्हणजे तीस हजार रुपये. आणि सहा कोटी दिवसांचे? अठराशे कोटी! पाचशेच्या नोटा एकावर एक रचत चला. तीस हजारांची थप्पी भरते जेमतेम अर्ध्या बोटाच्या जाडीची. अठराशे कोटींची थप्पी चढते साडेतीन किलोमीटर. कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवा, थप्पी तरी वरच!

अजून सोपं करू. शंभर दिनार म्हणजे शाळेतली तीस सेंटिमीटरची पट्टी समजा. दहा हजार तालांतांसाठी अशा सहा लाख पट्ट्या टोकाला टोक लावून मांडाव्या लागतील. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरुवात करा. ठाणं गेलं, कल्याण गेलं, कर्जत गेलं, खंडाळ्याचा घाट चढला, लोणावळा मागे पडलं, पिंपरी-चिंचवड आलं, आणि पट्ट्या पुण्याच्या वेशीला टेकल्या! तेवढं माफ झालेला माणूस फूटभर पट्टीसाठी सोबत्याचा गळा धरतो. पेत्रानं सात वेळा म्हटलं होतं ना? त्याला मिळालेलं उत्तर एवढ्या लांबीचं आहे!

म्हणून मी म्हणतो, ख्रिस्ती माणसानं बायबल नुसतं ऐकू नये, अभ्यासावं. हे सारं त्या एका वचनात दोन हजार वर्षं बसलेलं आहे. ते बाहेर काढायला एक कोष्टक आणि एक गुणाकार पुरतो, पण तो आपल्याला करावा लागतो.

काना गावचं लग्न घ्या. योहान सांगतो, दगडाचे सहा रांजण होते आणि चाकरांनी ते काठोकाठ भरले. आपलं लक्ष लगेच त्या पाण्याच्या झालेल्या द्राक्षारसाकडे जातं. त्याआधी पाण्याचा हिशेब करू. एकेक रांजण साधारण शंभर लिटरचा, एकूण सहाशे लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर चाळीस हंडे! डोक्यावर दोन हंडे घेतले तरी वीस खेपा. विहीर अर्ध्या किलोमीटरवर असली तर जाऊन-येऊन वीस किलोमीटर चाल, त्यातली निम्मी डोक्यावर तीस किलोंचं ओझं घेऊन. मोखाड्याच्या पाड्यावर एप्रिल-मेमध्ये तळाला गेलेल्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या बाईला हे एक वाक्य वाचून दाखवा. त्या चाकरांनी काय केलं, हे तिला कुठल्याही भाष्यकारापेक्षा आधी कळेल.

असं किती आहे आत? प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथॉलिक बायबलात ७३. त्या ६६ पुस्तकांचे अध्याय १,१८९, वचनं सुमारे ३१ हजार १००. दर रविवारी देवळात वीस वचनं वाचली गेली आणि आपण एकही रविवार चुकवला नाही, तर वर्षाला झाली १,०४०. सगळं बायबल कानावरून जायला तीस वर्षं! विशीत सुरुवात केलेला माणूस पन्नाशीत शेवटच्या पानावर. केवळ रविवारच्या भरवशावर राहणाऱ्याचं गणित हे असं आहे, आणि मला ते फार बोचतं.

बोचतं, कारण हे पुस्तक मराठीत आणायला माणसांनी आयुष्यं ओतली. थॉमस स्टीफन्स १५७९च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजात बसला आणि ऑक्टोबरमध्ये गोव्याला उतरला. दोनशे दिवस पाण्यावर! मग मराठी शिकला आणि १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापून काढलं, सुमारे अकरा हजार ओव्या. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास, त्याहून दोन हजार अधिक! बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम केरीनं वैजनाथ पंडितांच्या मदतीनं १८०५ साली मत्तय मराठीत छापला आणि १८११ साली सगळा नवा करार.

आणि पंडिता रमाबाई! लहानपणी हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत केलेली ही बाई पुढे हिब्रू शिकते, ग्रीक शिकते आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मुळावरून साध्या मराठीत उतरवायला घेते. किती वर्षं? सुमारे अठरा. अठरा वर्षांचे दिवस होतात साडेसहा हजारांच्या वर. वचनं ३१ हजार १००. भागाकार करा, दिवसाला पाच वचनंसुद्धा पडत नाहीत! एकेक वचन उचलायचं, तोलायचं, घासायचं, ठेवायचं. त्याच वेळी मिशनमधल्या शेकडो बायकामुलींच्या जेवणाखाण्याची, शिक्षणाची काळजी. छपाईचं कामही तिथल्या बायकाच करीत. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, तेव्हा काम पुरं झालं होतं. १९२४ साली ग्रंथ बाहेर आला. ज्याच्यावर रमाबाईंनी अठरा वर्षं घालवली, ते आपण रुमालात बांधून कपाटात ठेवतो!

लांब कशाला जायचं? शिरपामाळ ज्या पालघर जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यातल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२०च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

आता जगाकडे वळू. संपूर्ण बायबल आज सातशेहून अधिक भाषांत आहे, निदान काही भाग तरी तीन हजारांहून अधिक भाषांत. आजवर छापलेल्या प्रती? सर्वसाधारण अंदाज पाचशे कोटींच्या पुढचा. पाचशेच धरू. एक प्रत एक किलोची, म्हणजे पन्नास लाख टन कागद! मालगाडीत भरायला घ्या. एका गाडीत अडीच हजार टन. दोन हजार मालगाड्या लागल्या! एकेक गाडी साडेसहाशे मीटर लांब. सगळ्या एकामागे एक उभ्या करा, तेराशे किलोमीटर. पुण्याचं अंतर तर कधीच मागे पडलं, मुंबईहून निघालेली ही रांग दिल्लीच्या जवळ पोचली! आणि प्रत्येक डब्यात, छतापर्यंत, एकच पुस्तक. त्या प्रती जमिनीवर झोपवून एकावर एक रचल्या, प्रत तीन सेंटिमीटर जाडीची, तर दीड लाख किलोमीटरांची चळत. चंद्राच्या वाटेचा एक तृतीयांशाहून जास्त भाग चढून गेली!

त्या पाचशे कोटींतली एक प्रत तुमच्या घरात आहे. ती मोठ्यानं वाचायला किती वेळ लागतो? सुमारे पंच्याहत्तर तास. मुंबई-पुणे गाडीला सव्वातीन तास धरले तर तेवीस फेऱ्या. पासधारक रोज जाता-येता ऐकेल तर बारा दिवसांत उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत! घरी बसून वाचणाऱ्याला वर्ष पुरतं, रोज साडेबारा मिनिटं. अभ्यासाला, कोष्टकाला, पेन्सिलीला आणखी साडेबारा घ्या. रोजचे सव्वातीन अध्याय होतील. रमाबाईंच्या अठरा दिवसांचं काम एका दिवसात. उद्या सकाळी उत्पत्तीचा पहिला अध्याय काढलात, तर पुढच्या वर्षी याच तारखेला तुमच्यासमोर प्रकटीकरणाचा बाविसावा असेल.