वऱ्हाडांतील ख्रिस्ती मंडळ्या: वडील आणि वेतनी उपदेशक

ख्रिस्ती मंडळीच्या कारभारांत 'वडील' व 'उपदेशक' हीं दोन पदें नेहमीं कानीं पडतात. पहिलें मानाचें व बिनपगारी. दुसरें श्रमाचें व बहुधा पगारी. या दोहोंचा परस्परसंबंध काय, आणि अमरावती व अकोला या भागांत तो आरंभापासूनच उलटा कां पडला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहूं. ग्रीक भाषेंतील 'प्रेस्बुतेरोस' याचा मूळ अर्थ वयानें वडील मनुष्य. यहुदी लोकांच्या सभास्थानांत अशा वृद्धांचें मंडळ असे; तेंच पद पुढें ख्रिस्ती मंडळींत आलें. पाली वाङ्मयांतील 'थेर' व संस्कृतांतील 'स्थविर' हे शब्द याच जातीचे. मराठी बायबलकारांनीं 'प्रेस्बुतेरोस' यास 'वडील', 'एपिस्कोपोस' यास 'अध्यक्ष' व 'दियाकोनोस' यास 'सेवक' असे प्रतिशब्द योजिले. पैकीं पहिलीं दोन नांवें नव्या करारांत कांहीं ठिकाणीं एकाच अधिकाऱ्यांस लाविलेलीं दिसतात. 'वडील' ही योजना मोठी सार्थ आहे. कारण मराठींत त्या शब्दांत वय, नातें आणि घरचा अधिकार या तिन्ही गोष्टी एकवटल्या आहेत.

वेतनाविषयीं पौलाचें म्हणणें दुहेरी आहे. मळणीच्या बैलास मुसकें घालूं नये हा जुन्या करारांतील नियम त्यानें उपदेशकांच्या निर्वाहास लाविला. परंतु करिंथ येथें स्वतः मात्र तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरलें. आपल्या शास्त्रकारांपुढेंही हाच पेच होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत वृत्तीसाठीं वेदाचा एक भाग शिकविणारा तो 'उपाध्याय' असें म्हणून त्यास आचार्याच्या खालीं बसविलें आहे. तिसऱ्यांत 'भृतकाध्यापक' हा श्राद्धाच्या पंक्तीस वर्ज्य ठरविला आहे. कीर्तनकारानें बिदागी घ्यावी कीं नाहीं, हा वादही याच कुळींचा. तेव्हां धर्मोपदेश आणि द्रव्य यांचा संबंध हा कांहीं एका धर्माचा प्रश्न नव्हे.

वऱ्हाडाच्या दोन्ही अंगांस या प्रश्नाचीं दोन उत्तरें आधींच सिद्ध होतीं. पूर्वेस नागपुरीं १८४५ सालीं स्टीफन हिस्लॉप आले. त्यांच्या स्कॉटिश पंथांत शिकविणारे वडील व कारभार पाहणारे वडील असे दोन वर्ग असून, दोहोंनीं एकत्र बसून मंडळीचा निर्णय करावयाचा असतो. पश्चिमेस अहमदनगरीं अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें होतें. त्या मिशनच्या पाहणीस रूफस अँडर्सन यांचें शिष्टमंडळ १८५४-५५ सालीं आलें. मंडळीनें आपला कारभार, आपला खर्च व आपला प्रसार आपणच चालवावा, आणि तिचा पाळक देशी असावा, हें अँडर्सन यांच्या धोरणाचें सूत्र होतें.

खुद्द वऱ्हाडांत आलेले कित्येक मिशनरी तर याहूनही पुढें गेलेले होते. विल्यम टेलर १८७० ते १८७५ पर्यंत हिंदुस्थानांत होते; परदेशी मंडळाच्या पगारावर न विसंबतां उपदेशकाचा निर्वाह स्थानिक लोकांनींच करावा, असें ते शिकवीत. त्यांच्या प्रभावांतील आल्बर्ट नॉर्टन यांनीं एलिचपूर म्हणजे आजचें अचलपूर येथें काम केलें. अकोल्यास फुलर दांपत्य राहिलें. पुढें तें ठाणें ए. बी. सिम्प्सन यांनीं १८८७ सालीं अमेरिकेंत उभारलेल्या अलायन्स मिशनचें झालें. ठराविक पगाराची हमी न घेतां निघावयाचें, ही या पंथाची मूळ रीत.

असे असतांही वऱ्हाडांत वेतनी उपदेशक प्रबळ कां झाला? आमच्या मतें याचें कारण दुष्काळांत आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत निराधार झालेलीं मुलें मिशनांच्या आश्रयास आलीं. अलायन्स मिशननें मुलगे अकोल्यास व मुली खामगांवास सांभाळल्या. हींच मुलें वाढून त्यांतून शिक्षक, उपदेशक व बायबलबाया निघाल्या. इतर ठिकाणीं आधीं कुटुंबें, मग त्यांतील वडील, आणि शेवटीं त्यांनीं ठेविलेला उपदेशक असा क्रम असावयाचा. येथें आधीं मिशन, मग मिशनचा उपदेशक व शेवटीं वडील असा क्रम पडला. जेथें पुष्कळांस घरींच वडील उरले नव्हते, तेथें मंडळीचे 'वडील' आणावयाचे कोठून? शिवाय मिशनचा नोकरच वडील म्हणून निवडला गेला, म्हणजे पगार देणाऱ्यासमोर त्याचें मत किती मोकळें राहणार, हें सांगणें नको.

गांवगाड्याशीं तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. जोशी किंवा गुरव यांचें बलुतें गांवच्या खळ्यावरून मिळे. म्हणून त्यांना गांवाचें तोंड पाहावें लागे. मिशनच्या उपदेशकाचा पगार गांवाबाहेरून येई. म्हणून त्याची दृष्टि सहजच बाहेर लागे.

हें व्यंग मराठी ख्रिस्ती समाजांतील विचारी पुरुषांच्या ध्यानांत आलेलें होतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं मिशनची वेतनी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला. १९१९ सालीं ते वारले. पुढें, वऱ्हाड मध्य प्रदेशांत असतांना, १९५४ सालीं नेमलेल्या नियोगी समितीनें १९५६ च्या आपल्या अहवालांत परदेशी द्रव्य व पगारी प्रचारक यांवर कडक टीका केली. टिळकांचा हेतु मंडळी स्वतंत्र व्हावी हा. समितीचा हेतु निराळा. तरी दोघांचें बोट एकाच दुखऱ्या जागीं पडलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आमचा निष्कर्ष असा कीं, दोष वेतनाचा नसून वेतन येण्याच्या वाटेचा आहे. उपदेशकाचा निर्वाह मंडळीच्या वर्गणींतून व्हावा, हिशेब वडिलांनीं ठेवावा. परंतु द्रव्य आपल्या हातीं आहे म्हणून त्यांनीं उपदेशकाच्या तोंडास मुसकें घालूं नये.

हा विषय तडीस नेण्याचें खरें साधन म्हणजे मंडळ्यांच्या सभांचीं इतिवृत्तें व जमाखर्चाच्या वह्या. मंडळींत सत्ता खरोखर कोणाची होती, हें घटनेच्या कलमांपेक्षां या वह्या अधिक सांगतील. अकोला, अमरावती, अचलपूर येथील ज्या घरांत वा देवळांत असे कागद असतील, त्यांनीं ते वाळवीच्या व रद्दीच्या तोंडीं न देतां जपून ठेवावे, अशी विनंती आहे.