खेळामुळे शिकल्या, की शिकणाऱ्याच खेळल्या?

शाळेत खेळणाऱ्या मुली पुढे जास्त शिकतात, नोकरीही करतात, असं आकडे सांगतात. पण थांबा, हे खेळामुळेच होतं कशावरून? जिच्या घरी पैसा आहे आणि आईवडील पाठीशी आहेत, तीच मैदानावर जात असेल आणि तीच कॉलेजातही! प्रयोगशाळेत आपण नमुन्यांचे दोन गट पाडतो. मुलींचे कसे पाडणार?

अमेरिकेत हे काम एका कायद्याने केलं. १९७२ चा 'टायटल नाइन' : सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेद चालणार नाही. त्या कलमात खेळ हा शब्दसुद्धा नाही, पण खरी भांडणं झाली ती खेळावरूनच. १९७१-७२ मध्ये तिथल्या हायस्कूलच्या संघांत मुलगे होते सुमारे ३६ लाख ६७ हजार आणि मुली २ लाख ९४ हजार. कमाई करून देणारे खेळ या कायद्यातून वगळा, अशी दुरुस्ती सिनेटर जॉन टॉवर यांनी १९७४ मध्ये आणली. ती टिकली नाही. हायस्कूलांना १९७८ पर्यंत मुदत मिळाली आणि तोवर खेळणाऱ्या मुली २० लाखांवर गेल्या.

आता गंमत बघा. ही वाढ सगळ्या राज्यांत सारखी नव्हती. जिथे आधीपासून भरपूर मुलगे खेळायचे, तिथे बरोबरी साधायला मुलींसाठी जास्त जागा काढाव्या लागल्या. जिथे कमी खेळायचे, तिथे कमी. म्हणजे एखाद्या मुलीला संधी किती वाढून मिळाली, हे तिच्या जिद्दीवर किंवा घरावर नाही, तर तिच्या राज्यातले मुलगे आधी किती खेळायचे यावर ठरलं! अर्थतज्ज्ञ बेट्सी स्टीव्हनसन यांनी २०१० च्या शोधनिबंधात नेमका हाच धागा पकडला. (मला हा निबंध आवडतो तो यासाठीच.) तुम्ही म्हणाल, खेळवेडी राज्यं मुळातच वेगळी असतील की. असतीलही. म्हणून तुलना राज्याराज्यांतल्या फरकाची नाही, प्रत्येक राज्यात झालेल्या बदलाची आहे.

उत्तर काय आलं? शेकडा १० मुली जास्त खेळू लागल्या, तर कॉलेजात जाणाऱ्या शेकडा १ ने वाढल्या आणि नोकरीधंद्यात उतरणाऱ्या शेकडा १ ते २ ने. आकडा छोटा वाटतो, पण तो अख्ख्या राज्यातल्या मुलींचा आहे.

बरोबरी मात्र अजून लांब आहे. २०१८-१९ मध्ये तिथे हायस्कूलात खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे ३४ लाख. मुलग्यांचा १९७१-७२ चा आकडासुद्धा त्यांनी ४७ वर्षांत गाठला नव्हता.