हात तर उचलत नाही ना?

माहेरी आलेल्या लेकीला हा प्रश्न हमखास विचारला जातो. ती ‘नाही’ म्हणाली की विषय संपतो. अंगावर वळ नाहीत म्हणजे छळ नाही, असा हा हिशेब. कायदा मात्र तो मानत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातल्या कलम ३मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळ स्पष्ट नमूद आहे. मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून मारलेले टोमणेसुद्धा त्यात येतात. कायदा लिहिणाऱ्यांना आपली घरं चांगलीच ठाऊक असावीत!

‘भांड्याला भांडं लागतंच,’ हे दुसरं समर्थन. लागतं की. पण भांडणात दोघंही बोलतात. इथे एकजण बोलतो आणि दुसरा नुसता अंदाज घेत राहतो. जिन्यात पावलं वाजली की टीव्हीचा आवाज कमी होतो, आमटीतलं मीठ तिसऱ्यांदा चाखून पाहिलं जातं. वर्षानुवर्षं असं सावध राहिलेलं शरीर थकतं. झोप उडते, छातीत धडधडतं, पित्त उसळतं. तपासण्या नॉर्मल येतात आणि उदासीनता, चिंताविकार तसेच अंगावर काढले जातात. दीर्घकाळच्या छळातून होऊ शकणाऱ्या गुंतागुंतीच्या आघातोत्तर ताणविकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात आता स्वतंत्र स्थान आहे. ‘आपण कवडीमोल आहोत’ ही न हटणारी भावना त्याच्या लक्षणांपैकीच एक.

‘ती फारच मनाला लावून घेते’ म्हणणारे परिणामालाच स्वभाव समजतात. ‘मी असं बोललोच नाही, तुला भास होतात,’ हे रोज ऐकलं की माणूस स्वतःच्या आठवणीवरच शंका घेऊ लागतो. मग समुपदेशकासमोरही पहिलं वाक्य येतं, ‘माझंच चुकत असेल.’

मग ती सोडून का जात नाही? पैसा आणि मुलं ही कारणं आहेतच. पण चार दिवस अबोला आणि पाचव्या दिवशी गजरा, असं चालू असलं की आशा सुटत नाही.

नवरे आणि म्हातारे आईवडीलही अशा छळातून सुटलेले नाहीत.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं. महिलांसाठी १८१ आहे. कोण कधी काय बोललं, ते तारीख घालून वहीत लिहून ठेवावं. समुपदेशकाला सांगताना आणि वेळ पडल्यास कोर्टातही त्याचा उपयोग होतो. वही मात्र घरात कुणाच्या हाती लागेल अशी ठेवू नये.