पनवेल लोकलच्या डोक्यावरचं गणित

वाशीच्या खाडीपुलावरून लोकल धावते, तेव्हा टपावरचा पेंटोग्राफ जेमतेम 12 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला घासत असतो. खचाखच भरलेली 12 डब्यांची गाडी एवढ्याशा तारेतून वीज ओढते, आणि तार वितळत नाही. का?

उत्तर एका भागाकारात आणि एका गुणाकारात आहे. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. जर्मनीच्या जॉर्ज ओहमने हे 1827मध्ये मांडलं. व्होल्ट आणि अँपिअर गुणले की शक्ती, वॉटमध्ये. घरातला 2000 वॉटचा गिझर घ्या. 230 व्होल्टवर तो सुमारे 8.7 अँपिअर घेतो. म्हणजे आतल्या कॉइलचा रोध साधारण 26 ओहम. गिझर उघडलाही नाही, तरी आतली तार मोजून झाली! मला यात आजही जादू वाटते.

आता लोकल. मुंबईत विजेची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली, पनवेल लोकल जिथून धावते त्या हार्बर मार्गानेच, 1500 व्होल्ट डीसीवर. समजा, वेग घेताना गाडीने 30 लाख वॉट मागितले. 1500ने भागा: 2000 अँपिअर. आपल्या तारेचा रोध किलोमीटरला फक्त 0.16 ओहम आहे, नगण्यच म्हणाल. पण 2000 गुणिले 0.16 म्हणजे 320 व्होल्ट. एका किलोमीटरातच 1500पैकी 320 गायब! आणि तारेत उष्णता होऊन जाणारी शक्ती निघते प्रवाहाच्या, म्हणजे अँपिअरच्या, वर्गाला रोधाने गुणून: 6 लाख 40 हजार वॉट. म्हणजे आपले 320 गिझर, एका किलोमीटरभर तारेत. म्हणून तर डीसीच्या काळात एवढ्या बारीक तारेवर भागत नसे. तारा जाडजूड लागत आणि सबस्टेशनं थोड्याथोड्या अंतरावर.

एप्रिल 2016मध्ये हार्बर मार्गावरचं डीसी संपलं आणि 25,000 व्होल्ट एसी आलं. एसीचे बारकावे बाजूला ठेवून तोच हिशेब पुन्हा करू. 30 लाख भागिले 25,000 म्हणजे 120 अँपिअर. तारेवर गळणारे व्होल्ट 19. उष्णता सुमारे 2300 वॉट, म्हणजे एका गिझरपेक्षा थोडी जास्त. विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, सुमारे 17 पट वाढला, प्रवाह तेवढाच घटला. पण नुकसान 17 पट नव्हे, जवळजवळ 280 पट कमी झालं. ही सगळी करामत त्या वर्गाची. शाळेत आपण तो निमूटपणे पाठ करतो, आणि इथे तो रोज लाखो माणसांना घरी पोचवतो.

फुकट काहीच मिळत नाही, हेही खरं. 25,000 व्होल्टची वीज स्पर्शाची वाट पाहत नाही; फार जवळ गेलं तर हवेतूनही झेपावते. म्हणून तार धरून ठेवणारे इन्सुलेटर जास्त लांब करावे लागतात, आणि तार व पूल यांच्यामधली मोकळी जागाही जास्त ठेवावी लागते. गाडीतल्या मोटारींनाही एवढा दाब झेपत नाही; आधी ट्रान्सफॉर्मर तो उतरवतो.

नव्या लोकलमध्ये आणखी एक गंमत आहे. स्टेशन जवळ आलं की मोटारीच जनित्र होतात. गाडीचा वेग विजेत बदलतो आणि ती वीज त्याच तारेत परत जाते. जुईनगरला थांबणाऱ्या गाडीची वीज पुढे सुटणारी दुसरी गाडी वापरू शकते.