भूल दिलेल्या जनावराचा ताप का मोजतात?



शेतकी खात्याकडून लागण, खोडवा आणि खताचे डोस याखेरीज काही येईल असे आपणांस वाटत नसेल. पण आम्ही प्लॉट पाहायला आलो की बोलणे शेवटी गोठ्यावर येतेच. म्हशीच्या पोटात तार गेली, पडदा फाटून जाळीपोट छातीत सरकले, डॉक्टर पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करायचे म्हणतात. मग "म्हैस तापलेली नाही, तरी घडोघडी थर्मामीटर कशाला?" असे सभासद विचारतात.

गाय-म्हशीचे तापमान साधारण १०१ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. ते सांभाळणारे केंद्र मेंदूत आहे व भुलेने तेच सुस्तावते. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आतली ऊब बाहेर येऊन उडून जाते, आणि जनावर कुडकुडतही नाही. त्यात केस भादरलेले, अंग स्पिरिटने ओले, पोट उघडे, खाली गार फरशी. पहिल्या तासातच जास्त घसरण होते. वासरू, शेळी तर झटकन गार पडते.

अंग गार पडले की भुलेचे औषध शरीरातून लवकर निघत नाही, रक्त नीट गोठत नाही, जखम चिघळण्याची भीती वाढते. रवंथ करणारे जनावर उशिरा शुद्धीवर येणे तर फारच वाईट. आडवे पडून पोट फुगते, पोटातले पाणी घशाशी येऊन श्वासनळीत जाते.

उलटेही घडते. म्हैस काळी, घाम कमी. भर उन्हाळ्यात झायलाझीनसारख्या गुंगीच्या औषधाने ताप चढूही शकतो. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी मोजून कागदावर लिहितात. गुदद्वारात शेण असेल तर थर्मामीटर शेणात रुततो आणि आकडा फसवा येतो. तो आतल्या कातडीला टेकला पाहिजे. मोठ्या दवाखान्यात अन्ननळीत तार सोडून मोजतात.

सभासदाने काय करावे? खाली कोरड्या पाचटाचा जाड थर, वर गोणपाट. पाचट जाळण्यापेक्षा हा उपयोग बरा! अंग पुसून कोरडे करावे, घोंगडे टाकावे. तापवलेली वीट किंवा कढत पाण्याची बाटली मात्र अंगाला लावू नये. बेशुद्ध जनावर अंग चोरत नाही, कातडे भाजून निघते. उन्हाळ्यात सावली व वारा हवा. पुरते उठून उभे राहीपर्यंत तोंडात पाणी ओतू नये, आणि तोवर ताप मोजणे चालू ठेवावे. १०० च्या खाली किंवा १०३ च्या वर गेल्यास डॉक्टरांना लगेच बोलवावे, सकाळची वाट पाहू नये.