मंदीतले अंदाजपत्रक : मुंबई इलाखा आणि सातारा जिल्हा

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत मुंबई इलाख्याचे अंदाजपत्रक जुळविण्याचे काम मुंबईच्या सचिवालयात चालत असले, तरी त्या जुळवाजुळवीचा मोठा भार कृष्णाकाठच्या खेड्यांवर पडला. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा ब्रिटिश साताऱ्यात मोडत. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान असल्याने त्याचा जमाखर्च वेगळा होता.

१९१९ च्या भारत सरकार कायद्याने शेतसारा, आबकारी (मद्य व अमली पदार्थांवरील कर), मुद्रांक आणि जंगल ही उत्पन्ने इलाख्याकडे आली, तर जकात व बहुतांश प्राप्तिकर केंद्राकडे राहिला. त्यामुळे गिरण्यांच्या शहराची सधनता इलाख्याच्या तिजोरीला फारशी लाभली नाही. चलन व हुंडणावळीचा दर, म्हणजे रुपयाची पौंडातील किंमत, केंद्राच्या हाती होता आणि १९२७ मध्ये ठरलेला १८ पेन्सचा दर मंदीतही कायम राहिला.

शेतसारा साधारणतः तीस वर्षांसाठी रोख रकमेत ठरलेला असे. १९२९ ते १९३३ या काळात शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आल्यामुळे तोच हप्ता भरण्यास रयतेला सुमारे दुप्पट धान्य वा गूळ विकावा लागे. तहकुबी (वसुली पुढे ढकलणे) आणि सूट यांची तरतूद नियमांत होती. परंतु तिचा आधार असलेली आणेवारी पीक किती आण्यांचे आले एवढेच मोजीत असल्याने, भरघोस पिकाला मातीमोल भाव आला, तर त्या मापात संकट दिसतच नसे. मग हप्त्यासाठी सावकाराचे कर्ज काढावे लागे किंवा घरातले सोने बाहेर पडे.

याच सुमारास, १९३० च्या कायदेभंगात दारूच्या दुकानांवर निरोधने झाली व शिराळ्याजवळच्या बिळाशीत जंगल सत्याग्रह झाला, म्हणजे मंदीने खचलेल्या उत्पन्नालाच राजकीय विरोधाचीही झळ लागली. खर्चाच्या बाजूला मुंबईतील बॅकबे भरणी व तेव्हा इलाख्यातच असलेल्या सिंधमधील सक्करचे धरण यांसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज टाळता येत नव्हते. केंद्राने १९३१ च्या अखेरीस नोकरांच्या पगारात १० टक्के कपात केली, ती १९३३ मध्ये निम्मी व १९३५ मध्ये पूर्ण मागे घेतली. इलाख्याने १९३२ च्या वित्त कायद्याने मुद्रांक व कोर्ट फी वाढवून विजेवर कर बसविला. द्विदल राज्यपद्धतीत पोलीस व अर्थखाते गव्हर्नरच्या राखीव अधिकारात आणि शिक्षण व आरोग्य मंत्र्यांकडे असल्याने काटकसरीची कात्री कोठे सहज चालेल, हे रचनेतच ठरलेले होते.

१९३७ मध्ये कुरुंदवाडचे अण्णासाहेब लठ्ठे इलाख्याचे अर्थमंत्री झाले आणि १९३९ मध्ये मुंबईत दारूबंदी करताना बुडणाऱ्या आबकारीची भरपाई शहरी मालमत्तेवरील कराने करण्याचा मार्ग त्यांनी धरला. त्यावरून एवढे स्पष्ट होते की शहराकडून कर घेणे अशक्य नव्हते. मंदीच्या वर्षांत तूट भरून काढण्याचा भार रयतेवर राहिला, तो अर्थशास्त्राच्या अपरिहार्यतेपेक्षा सत्तेच्या मांडणीमुळे.