कांद्याची साल आणि कोलेस्टेरॉल

कोलेस्टेरॉल हा शब्द आता आपल्याकडे इतका रुळला आहे की, सकाळी बागेत फिरायला येणारी मंडळी हवापाण्याच्या गप्पा संपल्या की एकमेकांचा एलडीएलचा आकडाच विचारतात. आकडा जास्त असला तर उपायही तिथल्या तिथे मिळतात. कुणी ग्रीन टी सांगतं, कुणी जांभळाचा रस, कुणी कच्चा कांदा. आणि त्यात एक भारदस्त शब्द हमखास येतो, फ्लेव्होनॉइड. मी बरीच वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे सगळं खरं का, असं मला नेहमी विचारलं जातं. थोडं खरं आहे. पण थोडं म्हणजे किती, हे कळलं पाहिजे. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी रसाच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद केली आणि आठ महिन्यांत त्यांच्यावर अँजिओप्लास्टी करून घ्यायची वेळ आली. गोळी चालू असती तर हे टळलंच असतं, असं मी म्हणणार नाही. धोका मात्र कमी झाला असता.

मुळात कोलेस्टेरॉल हे काही विष नाही. पेशींची आवरणं, पित्तरस, कित्येक संप्रेरकं आणि 'ड' जीवनसत्त्व तयार व्हायला ते लागतंच. त्यातलं बरंचसं आपलं शरीर स्वतःच बनवतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. बाहेरून येतं ते प्राणिज पदार्थांतून. वनस्पतींत ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे शेंगदाणा तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' असं छापणं म्हणजे केळ्यावर 'बिनहाडाचं' अशी चिठ्ठी लावण्यासारखं आहे.

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही, म्हणून ते प्रथिनांच्या वेष्टनातून वाहून न्यावं लागतं. एलडीएल ते पेशींकडे नेतं, एचडीएल उरलेलं परत यकृताकडे आणतं. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राहक रेणू असतात. ते शोधणाऱ्या गोल्डस्टीन आणि ब्राउन या अमेरिकी संशोधकांना १९८५ साली नोबेल मिळालं. हे ग्राहक कमी पडले की एलडीएल रक्तातच फिरत राहतं आणि धमनीच्या आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतं. तिथे त्याचं ऑक्सिडीकरण होतं. उघडं राहिलेलं तेल खवट होतं ना, तसंच काहीसं. हे खवट एलडीएल शरीरातल्या भक्षक पेशी गिळतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच साचतात. अशा थरावर थर चढत वर्षानुवर्षं जातात. दुखत नाही, खुपत नाही. मग एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होतो. रशियात अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत असेच थर दाखवले, ते १९१३ साली. आपल्याला याची काळजी अधिक असायला हवी. बावन्न देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात (२००४) दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येताना दिसला, म्हणजे इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी.

आता फ्लेव्होनॉइड. ही वनस्पतींनी स्वतःसाठी बनवलेली द्रव्यं. रंग द्यायला, कडक उन्हातल्या अतिनील किरणांपासून आणि किडीपासून वाचायला. त्यांचे कित्येक हजार प्रकार माहीत आहेत. कांद्यात क्वेर्सेटिन असतं, चहात कॅटेचिन, संत्र्यात हेस्पेरिडिन, सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन. जांभळाचा आणि वांग्याच्या सालीचा जांभळा रंग अँथोसायनिनचा. हळद मात्र या यादीत बसत नाही. तिच्यातलं कर्क्युमिन दूरच्या नात्यातलं. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३६ साली या द्रव्यांना 'पी जीवनसत्त्व' म्हटलं होतं. पण ती न मिळाल्याने कुठला आजार होतो हे काही दाखवता येईना, म्हणून १९५०मध्ये ते नाव मागे पडलं.

पुढची चाळीसेक वर्षं त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग १९९३ साली हॉलंडमधल्या झुटफेन गावचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ८०५ वयस्कर पुरुषांचा आहार नोंदवून पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. ज्यांच्या खाण्यात चहा, कांदा आणि सफरचंद यांतून फ्लेव्होनॉइड जास्त येत होती, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते. परीक्षानळीतही ही द्रव्यं एलडीएलला खवट होण्यापासून वाचवत होती. दोन्ही गोष्टी किती छान जुळल्या! इथूनच 'अँटिऑक्सिडंट'ची लाट आली.

पण १९९७ साली वेल्समधल्या कॅरफिली या गावच्या पुरुषांचा असाच अभ्यास आला आणि तिथे हा फायदा दिसलाच नाही. तिथले लोक चहा भरपूर पीत, पण आपल्यासारखाच दूध घालून. दुधातली प्रथिनं चहातल्या कॅटेचिनला धरून ठेवत असतील, अशी एक शंका निघाली. भरपूर चहा पिणाऱ्यांचं बाकीचं राहणीमानच वेगळं असेल, ही दुसरी. मला दुसरी अधिक पटते. पहिलीचा वाद अजून मिटलेला नाही, तेव्हा चहाबाजांनी लगेच दुःख करू नये.

खरी अडचण वेगळीच आहे. परीक्षानळीत आपण हवं तेवढं क्वेर्सेटिन घालू शकतो. पोटातून मात्र ते थोडंच शोषलं जातं, आणि जे शोषलं जातं त्याला यकृत परकं समजून लगोलग बाहेर काढायच्या तयारीला लागतं. रक्तात पोचतं ते अगदी अल्प. शिवाय अँटिऑक्सिडंट घेतलं की धमन्या वाचतात, हे गृहीतच डळमळलं आहे. 'होप' या २००० सालच्या चाचणीत सुमारे साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना साडेचार वर्षं 'ई' जीवनसत्त्व दिलं, तरी हृदयविकार कमी झाला नाही.

मग फ्लेव्होनॉइड निरुपयोगी का? तसंही नाही. धमनीच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, त्याने धमनी सैल होते. या कामाला काही फ्लेव्होनॉइड हातभार लावताना दिसतात. ग्रीन टीने एलडीएल खाली येतं, पण मोजक्या मिलिग्रॅमनी. कोकोतल्या फ्लेव्हनॉलची एकवीस हजारांहून अधिक लोकांवर केलेली मोठी चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. हृदय व रक्तवाहिन्यांच्या एकूण घटनांत ठामपणे सांगता येईल असा फरक तिच्यात दिसला नाही. या आजारांनी होणारे मृत्यू कमी दिसले, पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता.

याच्या शेजारी स्टॅटिनची गोळी ठेवून बघा. ती एलडीएल तीस ते पन्नास टक्क्यांनी उतरवते. म्हणजे १६०चा आकडा ग्रीन टीने १५५च्या आसपास येईल आणि गोळीने ८० ते ११०वर. एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमनी उतरलं की झटका, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे एक-पंचमांशाने कमी होतात, हे अनेक चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. यावर लोक म्हणतात, गोळी म्हणजे केमिकल, रस म्हणजे निसर्ग. पण पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना १९७०च्या दशकात सापडलं ते एका बुरशीत! आणि नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

स्वयंपाकघरात मात्र जरूर लक्ष द्या. लाल कांद्यात क्वेर्सेटिन भरपूर, पांढऱ्यात जेमतेम. तेही बाहेरच्या पापुद्र्यांत जास्त, म्हणून वरचं वाळकं साल काढताना सोबत दोन जाड पापुद्रे टाकून देऊ नका. भाजी उकडून पाणी ओतून दिलं तर फ्लेव्होनॉइड पाण्याबरोबर मोरीत जातात, आमटीत ते आमटीतच राहतात. सफरचंद सालीसकट खा. एलडीएल उतरवायलाच हवं असेल तर आहारात अधिक भरवशाची गोष्ट म्हणजे विरघळणारे तंतू. ते इसबगोलात, ओट्समध्ये, कडधान्यांत असतात. आणि वनस्पती तूप, पुन्हापुन्हा तापवलेलं तेल टाळा. खाद्यपदार्थांतल्या ट्रान्स फॅटवर २०२२पासून आपल्याकडे दोन टक्क्यांची मर्यादा आहे, पण वडे तळणाऱ्याच्या कढईत डोकावायला कोण जाणार?

एक गोष्ट स्टॅटिन घेणाऱ्यांसाठी. ग्रेपफ्रूटच्या रसाने काही औषधं रक्तात प्रमाणाबाहेर साचतात, हे १९८९ साली कॅनडात योगायोगानेच ध्यानात आलं. आधी आळ आला त्यातल्या फ्लेव्होनॉइडवर, मुख्य दोषी मात्र फ्युरानोकुमारिन नावाची दुसरीच द्रव्यं निघाली. सिमव्हास्टॅटिन आणि काही प्रमाणात अटॉरव्हास्टॅटिन या यादीत आहेत. ती साचली तर स्नायू दुखतात, क्वचित स्नायूंना गंभीर इजाही होते. आपलं पपनस हे ग्रेपफ्रूटचं सख्खं नातेवाईक, आणि ही द्रव्यं त्यातही असतात. तेव्हा गोळी चालू असताना रोज पपनस खायचा बेत असेल, तर आधी गोळीचं नाव बघा आणि डॉक्टरांना विचारा. संत्र्या-मोसंबीला सहसा ही अडचण नाही.